चिरनेरचं हुतात्मा स्मारक: मुलीला घेऊन कधी जावं?

सीवूडवाला: मंडळी, एवढी वर्षं नवी मुंबईत राहतोय पण उरण साइडला कामाशिवाय कधी जाणं झालं नाही. मुलगी सहावीत आहे, तिला १९३० म्हटलं की फक्त दांडी आणि मीठ आठवतं. ऑफिसमधला एकजण म्हणाला अरे चिरनेर तुझ्या इतक्या जवळ आहे, तिथे जंगल सत्याग्रहात गोळीबार झालेला, दाखव की तिला. २५ सप्टेंबरला कार्यक्रम असतो म्हणे, तेव्हा जाऊ की साध्या रविवारी? बघण्यासारखं काही आहे की नुसता खांब? लोकलने जमेल का?

खाडीपलीकडचा: या की दादा आमच्याकडे! खांब म्हणाल तर खांबच आहे, पण त्यावरची नावं मुलीला मोठ्याने वाचायला लावा, धाकू गवत्या फोफेरकर, नवश्या महादेव कातकरी, रामा बामा कोळी, आलू बेमट्या म्हात्रे... एकूण आठ जण, आणि सगळे आजूबाजूच्याच गावांतले, कोण कोप्रोलीचा कोण खोपट्याचा कोण दिघोड्याचा. नावांवरूनच कळतं की हे शेतकरी, कोळी, कातकरी, ज्यांचं रोजचं सरपण त्या जंगलातून यायचं आणि सरकारने तेच बंद केलेलं. २५ सप्टेंबर १९३० ला हे लोक कोयते घेऊन अक्कादेवीच्या डोंगरावर झाडं तोडायला गेले, कायदा मोडायलाच, आणि पोलिसांनी गोळ्या घातल्या. त्यात मामलेदार जोशी पण गेले, म्हणजे सरकारचाच माणूस, हे कोणी सांगत नाही. आधी बांधलेला स्तंभ इंग्रजांनी पाडला, आत्ताचा नंतरचा आहे. महागणपतीचं देऊळ बाजूलाच, तिथे गजावर लागलेल्या गोळीची खूण गावातलं कोणीही दाखवेल.

बेलापूर_बाबा: २५ तारखेला जाऊ नका असं माझं मत. पुढाऱ्यांची भाषणं, मंडप, पार्किंगची बोंब, पोरगी कंटाळेल. हां, पोलीस बंदुकीच्या फैरी झाडून मानवंदना देतात ते मात्र बघण्यासारखं, जिथे पोलिसांच्या गोळ्यांनी माणसं गेली तिथेच पोलीस सलामी देतात, मला तर दरवेळी कसंतरीच होतं.

खाडीपलीकडचा: @बेलापूर_बाबा भाषणं ऐकायला कोण जातंय, त्या दिवशी हुतात्म्यांच्या घरची माणसं येतात ना, त्यांच्याशी दोन शब्द बोलता येतात, पोरीला ते जास्त लक्षात राहील.

सीवूडवाला: हे पटलं. मग २५ लाच, सुट्टी टाकतो. आणि ट्रेनचं?

करळफाटा: उरण लोकल आहे आता, जानेवारी २०२४ पासून थेट उरणपर्यंत जाते, पण स्टेशनवरून चिरनेर लांब पडतं, पुढे रिक्षा नाहीतर एसटी. गाडी असेल तर गव्हाण फाट्यावरून दिघोडेमार्गे जा, कंटेनरचे ट्रेलर असतात, सकाळी लवकर निघा. आणि वाट वाकडी करून जासईला पण थांबा. १६ आणि १७ जानेवारी १९८४, सिडकोने (नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी) घेतलेल्या जमिनींसाठी इथल्या शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटलांचं आंदोलन, पाच जण गेले पोलिसांच्या गोळीबारात. जमीन गेलेल्यांना तिच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत, ते त्यातूनच मिळाले. ज्या सीवूड्समध्ये तुम्ही राहता ती जमीनही सिडकोनेच कोणाकडून तरी घेतलेली आहे, हे पण सांगा मुलीला.

सीवूडवाला: हे मलाच माहीत नव्हतं, तिला काय सांगणार. जासईत नक्की कुठे थांबायचं?

करळफाटा: हुतात्मा भवन विचारा, शेंबडं पोर पण सांगेल. बंद असेल तर शेजारच्या दुकानात चौकशी करा, चावी कोणाकडे असते ते त्यांना माहीत असतं.