जुन्या जीपवर शिट्ट्यांचं वाद्य बसवायचंय मिरवणुकीसाठी, हवा कुठून घ्यायची?

कृष्णाकाठ (सांगली):
मंडळी, आमच्या गल्लीतल्या मंडळाकडं विलीज धाटणीची जुनी पेट्रोल जीप आहे, चालू कंडिशन. यंदा विसर्जनाला डीजे नको हे सगळ्यांनी एकमुखानं ठरवलंय. मी अमेरिकेतल्या जुन्या फोर्ड मॉडेल टी चे फोटो बघितल्यापासून डोक्यात दुसरं काही नाही, मागच्या हौद्यात पितळी शिट्ट्यांची रांग, समोर पेटीसारख्या पट्ट्या आणि गाडी चालू असताना माणूस बसून वाजवतोय. कॅलिओपी म्हणतात त्याला. १८५५ साली जोशुआ स्टॉडर्डनं पेटंट घेतलं तेव्हा वाफेवर चालायचं, सर्कशीच्या मिरवणुकीत शेवटची गाडी हीच असायची, पुढं हवेवरची निघाली, बॉयलरची कटकट गेली आणि ती मोटारीवर चढली. आणि सर्कस म्हटलं की आपल्याच जिल्ह्यातल्या अंकलखोपचे सर्कसवाले विष्णुपंत छत्रे, १८८० सालापासूनचा हा नाद, तेव्हा सांगलीत असली गाडी निघालीच पाहिजे असं मला मनापासून वाटतं. आता अडलंय ते हवेवर. सायलेन्सरमधून घेता येईल का? का पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर बसवू?

जुनी_गाडी_प्रेमी:
सायलेन्सरवर वाजणारं झालेलं आहे राव, आणि तेही भारतात! कलकत्त्याची हंस गाडी शोधून बघा. १९१० ची, इंग्लंडात लोस्टॉफ्टच्या ब्रूक कंपनीनं मॅथ्यूसन नावाच्या कलकत्त्यातल्या साहेबासाठी बनवलेली, पुढचा भाग अख्खा हंसाचा, चोचीतून गरम पाण्याचा फवारा उडायचा, आणि इंजिनच्या धुरावर वाजणारे आठ पाईप, त्याला कीबोर्ड. नंतर ती नाभ्याच्या महाराजांकडं गेली, आता हॉलंडला हेगच्या लाउमन म्युझियममध्ये आहे.

टॅपेट_सेटिंग:
हंस गाडी भारीच आहे पण तुम्ही सायलेन्सरला हात लावू नका. धूर गरम असतो आणि गरम वायूत शिट्टीचा स्वर चढतो, इंजिन तापलं की पट्टी हलली, थंड झालं की परत उतरली, शिवाय काजळी बसते आणि आरपीएम बदलला की दाब बदलतो. हॉर्न म्हणून चालेल, आरती नाही वाजायची. कॉम्प्रेसरपण उलटं प्रकरण आहे, त्यात दाब बक्कळ पण हवा थोडी, दोन गाणी झाली की टाकी रिकामी. तुम्हाला दाब कमी आणि हवा भरपूर पाहिजे म्हणजे ब्लोअर. जीपच्या पीटीओवर (इंजिनाची ताकद बाहेरच्या यंत्राला देणारा दांडा) घेतला तर गाडी हळू झाली की हवापण ढेपाळणार, त्यापेक्षा बँडवाल्यांच्या लाईटला असतो तसा जनरेटर मागं ठेवा आणि त्यावर ब्लोअर फिरवा, म्हणजे इंजिन बंद पडलं तरी वाजणं थांबत नाही.
दुसरं, माणसाच्या चालीनं तासन्तास चालवायची म्हणजे क्लच जळणार. मॉडेल टी ला लो गिअरसाठी डावं पेडल दाबूनच धरावं लागायचं आणि सुरुवातीच्या थोड्या गाड्या सोडल्या तर वॉटर पंपच नव्हता, पाणी गरम होऊन आपोआप फिरेल यावरच सगळं, मिरवणुकीत त्यांचं काय होत असेल विचार करा. जीपला पंप आहे आणि लो रेंज (हळू पण जोरात ओढणारे जादा गिअर) आहे, फर्स्ट लो टाकली की क्लच सोडून नुसती रांगते. फक्त लो रेंजमध्ये पुढचा एक्सल लागतोच, डांबरावर वळताना ओढाताण होते, म्हणून पुढं फ्री होणारे हब, म्हणजे पुढची चाकं एक्सलपासून सुटी करणारे, बसवून घ्या.

सतारगल्ली_मिरज:
हवेबद्दल दादांनी बरोबर सांगितलं पण ब्लोअरची हवा थेट शिट्टीत सोडू नका, सूर थरथरतो. पेटी उघडून बघा, बाहेरच्या भात्यानं मारलेली हवा आधी आतल्या भात्यात जाते, त्याला स्प्रिंगा असतात, तिथं ती दबून एकसारखी होते आणि मगच सुरांकडं जाते. तुम्हालापण मध्ये असा मोठा भाता पाहिजे, लाकडी पाट, चामडं, वरून वजन. काम आमच्याकडं होईल. पेटीचेच सूर लावा असं कोणी सांगेल पण ताशापुढं ते ऐकूच येणार नाहीत, शिट्टीच पाहिजे. जागा कमी असेल तर वरून बुच मारलेले पाईप करा, उघड्याच्या निम्म्या लांबीत तोच स्वर येतो आणि बुच वर-खाली करून सूर लावता येतो. पट्टी ठरवताना तुमच्या गल्लीत आरती कुठल्या पट्टीत म्हणतात ते बघा, नुसती काळी एक धरून बसू नका, लोकांना बरोबर म्हणता आलं पाहिजे. आणि सूर लावायचं काम ब्लोअर चालू ठेवून करा, तोंडानं फुंकून लावलेला सूर भात्यावर वेगळा बोलतो.

जुनी_गाडी_प्रेमी:
एक राहिलं, जीप कापू नका प्लीज. अमेरिकेत कित्येक जुन्या गाड्यांच्या मूळ बॉड्या असल्या हौसेत गेल्या. सगळं वेगळ्या लोखंडी फ्रेमवर करा आणि हौद्यात बोल्टनं बसवा, विसर्जन झालं की उतरवा. कायमचा बदल केला तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ लागतं, आरटीओची परवानगी आधी. आणि रात्री १० चं बंधन शिट्ट्यांनापण आहे, मिरवणुकीच्या परवान्याच्या अर्जातच वाद्य लिहून द्या.

कृष्णाकाठ (सांगली):
लय भारी माहिती दिलीत सगळ्यांनी. फ्रेम वेगळीच करतो, जीपला ड्रिल लावू देणार नाही. आधी एकाच सप्तकाच्या शिट्ट्या आणि भाता जमिनीवर लावून ऐकतो, जमलं तर पुढं वाढवू. मिरजकर, मापं घेऊन रविवारी येऊ का? ब्लोअर बरोबर आणतो. आणि टॅपेटदादा, ते हब आपल्याकडं मिळतात का कोल्हापूरलाच जावं लागेल?