शेगडीची कॉइल तापली तरी तिचा रोध का वाढत नाही?

मिरज_बारावी
नमस्कार. धातू तापला की त्याचा रोध वाढतो, असं पुस्तकात आहे. म्हणून घरी दोन वस्तू मोजून पाहिल्या. १००० वॅटच्या शेगडीची कॉइल थंड असताना ५० ओहम दाखवते आणि २३० व्होल्टवर गणित केलं तर लालबुंद कॉइलचे ५३ येतात. फरक अगदी थोडा. पण १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब थंड असताना ३८ ओहम, आणि गणिताने ५२९! धातू तर दोन्हीकडे आहे. मग असं का?

कुपवाडचा_वाइंडर
बाळा, तुझे आकडे बरोबर आहेत. बल्बची तार टंगस्टनची, म्हणजे शुद्ध धातू. शेगडीची नायक्रोमची, निकेल आणि क्रोमियमचा मिश्रधातू. सगळा फरक इथंच आहे.

शुद्ध धातूत अणू शिस्तीत बसलेले असतात. थंड असताना इलेक्ट्रॉनला फारशी आडकाठी नसते. तापल्यावर अणू थरथरतात आणि वाट अडते. नायक्रोममध्ये दोन जातींचे अणू कसेही मिसळलेले, त्यामुळे थंड असतानाच वाट अडलेली. सकाळी मोकळ्या गणपती पेठेत चार हातगाड्या आल्या तर लगेच जाणवतं. गर्दीच्या वेळी त्याच चार आल्या तर कुणाला कळतं? उष्णतेची भर दोन्हीकडे पडते, पण नायक्रोमचा मूळ रोधच तांब्याच्या साठपट तरी असतो, त्यात ती भर दिसत नाही. भेसळीचा रोध वेगळा, उष्णतेचा वेगळा आणि दोन्हींची बेरीज, हे मॅथिसन या शास्त्रज्ञाने १८६०च्या दशकातच मांडलं होतं.

सातारा_कॅलिब्रेशन
काकांनी छान सांगितलं. याच गुणासाठी आम्ही शंटमध्ये, म्हणजे विद्युतधारा मोजायच्या अचूक रोधात, मँगॅनिन वापरतो: तांबं, सुमारे १२ टक्के मँगनीज आणि थोडं निकेल. खोलीच्या तापमानाला त्याचा रोध जवळपास हलतच नाही. उलट तापमान मोजायचं असेल तर प्लॅटिनम घ्यायचं. पीटी-१०० सेन्सर शून्य अंशाला १०० ओहम, शंभर अंशाला १३८.५. प्लॅटिनममध्ये भेसळ झाली की ही वाढ कमी होते.

मिरज_बारावी
काका, मग मोटरमधल्या तांब्याच्या वाइंडिंगचं, म्हणजे तारेच्या गुंडाळीचंही असंच तापमान काढता येईल?

कुपवाडचा_वाइंडर
येतं की. उसाच्या पाण्याची मोटर जळून आली की नवीन वाइंडिंग भरल्यावर मी हेच करतो. आत थर्मामीटर घालता येत नाही, पण तांबं स्वतःच सांगतं. समज, ३० अंशाला ४ ओहम होते आणि लोडवर चालवून बंद केल्याबरोबर ५ आले. तांब्यासाठी २३४.५ हा आकडा धरायचा. ३० मध्ये तो मिळवला की २६४.५, त्याला पाच भागिले चारने गुणायचं आणि २३४.५ वजा करायचे. ९६ अंश येतात. बाहेरून हात लावून हे कधीच कळलं नसतं. मोजायला उशीर करू नको, तांबं लगेच निवतं. आणि मेन स्विच काढल्याशिवाय ओहमवर मीटर लावायचा नाही, शेगडीलासुद्धा.