मिल्टनचा येशू मोहात पडतच नाही, मग काव्य कशाचं?

कडू कारलं
इंग्रज कवी मिल्टनचं ‘पॅराडाइज लॉस्ट’ (१६६७) वाचून भारावलेल्यांनी त्याच्याच ‘पॅराडाइज रीगेन्ड’च्या (१६७१) वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत. चार सर्गांत विषय एवढाच: वाळवंटात चाळीस दिवस उपाशी असलेल्या येशूला सैतान भुलवू पाहतो. दगडाची भाकरी कर म्हणतो, मेजवानी मांडतो, मग संपत्ती, रोमचं राज्य, अथेन्सचं ज्ञान. येशूचं दर वेळी ‘नको’. पडण्याची भीतीच नसेल तर मोह कसला? आधीच्या काव्यातली नवव्या सर्गातली ईव्ह बघा. दुपार झालीय, भूक लागलीय, देवानं मना केलेल्या फळाचा वास सुटलाय आणि साप विचारतोय, मी खाल्लं, मेलो का? तिच्या जागी मीही खाल्लं असतं.

ओसरीवरून
तुम्ही चुकीच्या माणसाकडे बघताय. ‘रीगेन्ड’मध्ये कासावीस झालाय तो सैतान. ‘देवाचा पुत्र’ म्हणजे नेमका कोण, हे त्याला कळत नाही. ‘मीही देवाचाच पुत्र आहे, किंवा होतो’ असं तो चौथ्या सर्गात म्हणतो, ती ओळ वाचून त्याची कीव येते. त्याचा साथीदार बेलियल सुचवतो, बायका पाठवा; सैतान त्यालाच झापतो, सगळ्यांना स्वतःच्या मापानं मोजू नकोस म्हणून.

आणि अथेन्स! ग्रीक साहित्यावर जन्मभर जीव टाकलेला हा कवी. तेच अथेन्स तो सैतानाच्या तोंडून वाखाणतो, किती गोड वाखाणतो, आणि येशूकडून नाकारवतो. तिथे मोह कवीला होतोय.

कडू कारलं
मुद्दा हुशारीचा आहे, पण ते मिल्टनचं चरित्र झालं. काव्यातला येशू तिथे हेडमास्तरसारखा बोलतो. इतकं कोरडं उत्तर द्यायचं होतं तर अथेन्स इतकं सुंदर रंगवलं कशाला?

ओसरीवरून
नाकारण्याची किंमत दिसावी म्हणून!

रिकामटेकडा
अ‍ॅडमला विसरलात का दोघंही? ईव्ह फसते, तो फसत नाही. तिच्यासाठी गुलाबांचा हार गुंफून वाट बघत असतो. तिनं फळ खाल्ल्याचं कळतं आणि हार हातातून गळून पडतो, फुलं कोमेजलेली. सगळं समजून उमजून तो खातो, कारण तिच्याशिवाय जगणं त्याला नको. निवेदक त्याला बोल लावतो, पण वाचक अ‍ॅडमच्याच बाजूला जातो. साप नाही, थाप नाही, तरी मोह. येशूच्या वाळवंटात ही धग नाही, म्हणून माझं मत कारल्याला.

राचोलकर
मिल्टनच्या पन्नास वर्षं आधी, १६१६ मध्ये, फादर स्टीफन्सचं ‘ख्रिस्तपुराण’ गोव्यात आमच्या राचोलला छापून झालं होतं. जन्मानं इंग्रज, पण ओव्या मराठी. त्यातही आदाम-एवेची कथा आहे. मात्र श्रोते नवख्रिस्ती, जुनी पुराणं सुटलेले. त्यांना धर्म शिकवायचा होता. सैतानाला इतकी फर्डी भाषणं द्यायची चैन तिथे कुठून परवडणार?

ओसरीवरून
राचोलकर, यावर वेगळा धागा काढाच. कारलेबुवा, शेवटचं विचारतो. सैतान येशूला देवळाच्या शिखरावर उभा करतो, उभा राहा नाहीतर उडी मार म्हणतो. येशू एक वाक्य बोलतो आणि नुसता उभा राहतो. कोसळतो तो सैतान. हेही कोरडं?

कडू कारलं
ते जबरदस्त आहे. पण तिथवर पोचायला जवळजवळ दोन हजार ओळी चढाव्या लागतात, आणि वाटेत पाणपोई एकच, तुमचं ते अथेन्स.