मदत हवी आहे: गाडीचं प्लग-इन किट उन्हात बंद पडतंय

वाळवंटी_वऱ्हाडी | ९ जुलै, रात्री ९:४०
मंडळी, डोकं फिरायची वेळ आली आहे. हायब्रिड गाडीत वरून बसवलेलं प्लग-इन किट (घरी चार्ज करायची जास्तीची बॅटरी) दहा-बारा मिनिटांत बंद पडतं. मार्चपर्यंत झकास चाललं होतं. आता रोज तेच, लाल दिवा लुकलुकतो आणि गाडी पुन्हा पेट्रोलवर. थंड ठेवायचा काही उपाय? बर्फ ठेवून पाहिला, फरक नाही. जरा लवकर सांगा, उद्या ऑफिस आहे.

अ‍ॅम्पिअर | रात्री १०:०५
गाडी कुठली? किट कुठलं? तुम्ही कुठे, अकोला धरू का? आणि बर्फ नेमका कशावर ठेवलात?

वाळवंटी_वऱ्हाडी | रात्री १०:११
अहो, नावात 'वाळवंटी' आहे ना. फीनिक्स, अ‍ॅरिझोना. टोयोटा प्रियस २००८. किट आधीच्या मालकाने बसवलेलं, बनवणारे केव्हाच दुकान बंद करून गेले, कागदपत्र शून्य. बर्फ म्हणजे जेल पॅक, टॉवेलात गुंडाळून डब्यावर.

सरळमार्गी | रात्री १०:२०
२००८ ची गाडी, त्यात सेकंडहँड किट! काढून टाका आणि जुनी का होईना, कंपनीतून आलेली इलेक्ट्रिक घ्या. मी घेतली, सुटलो.

वाळवंटी_वऱ्हाडी | रात्री १०:२२
गाडी कुठली घेऊ असं विचारलेलं नाही.

अ‍ॅम्पिअर | रात्री १०:३१
बर्फ आधी काढा. सध्या तुमच्याकडे मान्सून आहे, हवेत ओल आहे. गार डब्याला आतून-बाहेरून पाणी सुटतं आणि कन्व्हर्टरच्या (व्होल्टेज वाढवणारा डबा) एका बाजूला २०० व्होल्टहून जास्त डीसी आहे. आता सांगा, 'डबा' कुठला? बॅटरी, चार्जर की कन्व्हर्टर? सकाळी बंद पडतं की फक्त संध्याकाळी?

वर्धेकर | रात्री १०:४४
राजेहो, फीनिक्स म्हणजे आपला चंद्रपूरच की! १९९० च्या जूनमध्ये फीनिक्सला ५० डिग्री झालं होतं. २०२३ मध्ये तर सलग ३१ दिवस ११० फॅरनहाइट किंवा त्याच्या वर, म्हणजे ४३ च्या पुढं. डिकीत वाळ्याची ताटी लावून छोटा कूलर बसवून दे भाऊ.

मोरपीस | रात्री १०:५०
तिकडे खरंच घराघरांवर डेझर्ट कूलर असायचे, माझ्या मावशीकडे मेसाला (फीनिक्सच्या शेजारी) अजून आहे. जुलैत ओल वाढली की तो नुसता दमट वारा फेकतो. वाळवंटी, तिकडे वाळा मिळतो का हो? मावशी विचारत होती.

अ‍ॅम्पिअर | रात्री १०:५३
वर्धेकर, विजेच्या डब्याशेजारी ओली ताटी? गंमत म्हणून ठीक, पण उद्या कुणीतरी वाचून खरंच करेल.

वाळवंटी_वऱ्हाडी | रात्री ११:१५
वाळा इंडियन स्टोअरमध्ये पाहिलेला नाही. डबा म्हणजे कन्व्हर्टर, हात लावून पाहिला तर चटका बसतो. स्टेपनीच्या खड्ड्यात ४८ व्होल्टची लिथियम बॅटरी, शेजारी कन्व्हर्टर, त्यावर चार्जर. सकाळी बरं चालतं, २० मिनिटं. संध्याकाळी ऑफिसमधून निघाल्यावर १० सुद्धा नाही. घरी येऊन लगेच चार्जिंगला लावतो, तर दोन दिवसांपासून तेही अर्ध्यात थांबतं. हे आधी सांगायला हवं होतं का?

अ‍ॅम्पिअर | रात्री ११:४०
हो! एक नाही, तीन दुखणी आहेत ही.

पहिलं, कन्व्हर्टर. तो ४८ व्होल्टचे दोनशेवर नेऊन गाडीच्या मूळ बॅटरीत ढकलतो. समजा ३ किलोवॅट ओढतोय, म्हणजे ६० अँपिअरच्या आसपास. त्यातले दहा टक्के जरी वाया गेले तरी ३०० वॅटची शेगडी स्टेपनीच्या खड्ड्यात पेटलेली आहे. ती थंड करायला हवा कुठून येते, कुठे जाते, ते बघा. केबलच्या टोकांचे बोल्टही तपासा. एखादा सैल असेल तर तिथेच तापतं, तांबं काळपट दिसेल. हे सगळं किटचा मेन ब्रेकर पाडून, गाडी बंद करून. नारिंगी केबलला (ती जास्त व्होल्टची) हात लावायचा नाही.

दुसरं, चार्जिंग. लिथियम आयर्न फॉस्फेट असेल तर बॅटरी साधारण ४५ अंशांच्या वर तापलेली असताना चार्ज करायची नसते. दिवसभर पार्किंगमध्ये भाजलेली गाडी बंद गॅरेजमध्ये आणून लगेच लावली तर किट थांबतंय ते शहाणपणाने थांबतंय.

तिसरं, गाडीची स्वतःची बॅटरी. मागच्या सीटच्या कडेला जाळी आहे, तिथून ती केबिनची हवा ओढते. तिथे काय ठेवलंय?

खडूस_आजोबा | १० जुलै, सकाळी ६:१०
इतकी लांबण कशाला? गाडीच्या इन्व्हर्टरचा (बॅटरीची वीज मोटरला देणारा) पाण्याचा पंप गेला असणार. २०१२ साली टोयोटाने याच पिढीच्या प्रियस पंपासाठी परत बोलावल्या होत्या. गाडी रेडीत (म्हणजे चालू) ठेवून पुढच्या कूलंटच्या टाकीत बघा, पाणी हललं पाहिजे. स्थिर असेल तर पंप मेला. माझं वय ७१, दोन प्रियस हातावेगळ्या केल्यात.

अ‍ॅम्पिअर | सकाळी ७:३०
आजोबा, तो पंप पुढचा इन्व्हर्टर थंड करतो. मागच्या खड्ड्यातल्या कन्व्हर्टरला एक थेंब पाणी जात नाही.

खडूस_आजोबा | सकाळी ७:३४
बघायला पैसे पडतात का?

अ‍ॅम्पिअर | सकाळी ७:३६
नाही पडत. बघा वाळवंटी, बघून टाका.

पुणेरी_पाटी | सकाळी ९:००
मुळात या किटांचं असंच. २०१० मध्ये केपीआयटी आणि भारत फोर्ज या पुण्याच्या कंपन्यांनी रिव्होलो नावाचं प्लग-इन किट जाहीर केलं होतं, तुमच्या गाडीत मोटर आणि डिकीत बॅटरी. पुण्यात राहून रस्त्यावर मला एक दिसली नाही. आणि ते सीएनजीवाले, त्यांचं तर...
(पुढचे १४ प्रतिसाद सीएनजीच्या रांगांच्या धाग्यात हलवले आहेत. – संपादक)

वाळवंटी_वऱ्हाडी | १२ जुलै, दुपारी ४:१०
शनिवार सगळा यात गेला. पंप ठीक आहे, पाणी हलतंय. (आजोबा, धन्यवाद.)

सीटजवळच्या जाळीसमोर मुलीची फुटबॉलची बॅग असते, एप्रिलपासून. जाळीत धुळीचा पापुद्राच बसलाय, मागच्या आठवड्यात हबूब (धुळीचं वादळ) आलं होतं त्याची.

खरी गंमत मागे. कन्व्हर्टरला दोन पंखे, दोन्ही फिरत होते म्हणून मी निश्चिंत. टिश्यू पेपरची पट्टी धरून पाहिली. एका पंख्यापाशी ती चिकटली, दुसऱ्यापाशीही चिकटली! म्हणजे दोन्ही आत ओढतायत, बाहेर कुणीच टाकत नाही. आधीच्या मालकाने कधीतरी पंखा बदलला तो उलटा बसवला. वर मी जाड रबरी मॅट टाकलेली, किराणा सांडू नये म्हणून. म्हणजे दम कोंडायची सोय दोघांनी मिळून केली.

उलटा पंखा काढून सरळ बसवला, मॅटला तळहाताएवढी दोन भोकं पाडली, बोल्ट आवळले. (एक सैल होता.)

अ‍ॅम्पिअर | दुपारी ४:३२
वा! चार्जिंगला टायमर लावा, पहाटे ३ ते ६. गॅरेज तेव्हाच त्यातल्या त्यात गार असतं आणि निघायच्या तोंडावर बॅटरी भरते, भरलेली दिवसभर तापत पडत नाही. संध्याकाळी निघताना आधी काचा उघडून, मग एसी लावून पाच मिनिटं थांबा, नंतर किट चालू करा. मूळ बॅटरीलाही गार हवा मिळेल.

सरळमार्गी | दुपारी ४:४०
आणि एसीने रेंज जाते त्याचं काय? हायब्रिड म्हणजे दोन्ही बाजूंनी मार.

अ‍ॅम्पिअर | दुपारी ४:४१
तुमच्या गाडीत एसी नाही का?

वाळवंटी_वऱ्हाडी | १५ जुलै, रात्री ८:५५
आज बाहेर ४४. संध्याकाळी २६ मिनिटं चाललं, मग दिवा लागला. पूर्ण घरापर्यंत नाही, पण हायवे सोडेपर्यंत आलो. कन्व्हर्टर गरम आहे, चटका नाही. धुळीसाठी पंख्यावर जाळी लावू का?

अ‍ॅम्पिअर | रात्री ९:१०
विरळ लावा, बारीक लावलीत तर पुन्हा दम कोंडेल. आणि दर पंधरा दिवसांनी झटकायची, नाहीतर न लावलेली बरी.

वर्धेकर | रात्री ९:२०
बाकी सगळं बरोबर भाऊ, पण खड्ड्यात बॅटरी बसवली तर स्टेपनी कुठं ठेवतोस?

वाळवंटी_वऱ्हाडी | रात्री ९:२४
स्टेपनी नाहीये.