‘माहीत’ आणि ‘उमज’ : फाशीच्या अपिलातला एक अडलेला शब्द

शमी: टेक्सासच्या पॅनेटी खटल्यावरचा लेख मराठीत आणतेय. ‘कॉम्पिटंट’पाशी अडलंय, म्हणजे ज्याचं मन फाशी देता येण्याइतकं शाबूत आहे तो. ‘फाशी देण्यास सक्षम’ लिहिलं तर जल्लादच डोळ्यांपुढे येतो. ‘फाशीस पात्र’ म्हटलं तर गुन्हा तेवढा मोठा, एवढंच कळतं. पॅनेटीने सासू-सासऱ्यांचा खून केला होता. त्यासाठीच फाशी देतोय असं सरकार म्हणतं, हे त्याला माहीत होतं; पण खरं कारण आपलं धर्मप्रवचन बंद पाडणं, ही त्याची पक्की समजूत. 2007 मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं, नुसतं माहीत असून भागत नाही. मग काय असावं लागतं?

जुना_बेलीफ: 2024 पर्यंतच्या जुन्या भारतीय दंडविधानाच्या मराठी प्रतीत कलम 84 ला ‘मनोविकल’ होतं. तयार शब्द सोडून नवा कशाला?

शमी: काका, ते कलम गुन्ह्याच्या वेळच्या मनाचं. इथे माणूस तेव्हा धडधाकट असेल, तुरुंगात नंतर बिघडला असेल. आपल्याकडे 2019 च्या ‘अ‍ॅक्यूज्ड एक्स’ निकालात (प्रकरण महाराष्ट्रातलंच) शिक्षेनंतरचा गंभीर मनोविकार पाहून फाशीची जन्मठेप झाली.

रानजाई: ‘भान’ घ्या. ‘भा’ म्हणजे प्रकाशणे. शिक्षेचं भान.

बोरू: भान कीर्तनातही हरपतं. कायद्याचा शब्द इतका सैल नको.

काटेसावर: ‘उमज’. माझ्या आत्याला नवरा गेल्याचं माहीत होतं, तारीख वारासकट सांगायची. तरी रोज दिवेलागणीला दोन ताटं घ्यायची आणि दुसऱ्या ताटातली भाकरी गार झाली की आमच्यावर चिडायची. माहीत होतं, उमजलं नव्हतं.

शमी: हेच हवं होतं! अलाबामातला फाशीचा कैदी मॅडिसन, त्याचं उलट. पक्षाघाताचे झटके, स्मृतिभ्रंश, गुन्हाच आठवेना. 2019 मध्ये अमेरिकेचं तेच कोर्ट म्हणालं, आठवत नाही एवढ्याने फाशी थांबत नाही. उमज नसेल तर थांबते, मग ती भ्रमाने गेलेली असो की स्मृतिभ्रंशाने. ‘उमजक्षमता’ चालेल?

बोरू: धेडगुजरी. ‘आकलनक्षमता’ लिहा.

जुना_बेलीफ: कोर्टात आकलन कुणी म्हणत नाही हो. ‘मेंटली फिट’ म्हणतात. एकदा वकिलाने विचारलं, “मुलगा फिट आहे का?” मागच्या बाकावरची आई हात जोडून उठली. “व्हय साहेब, ल्हानपणापासनं येत्यात.” तिला कळेल असा शब्द शोधा. माझं ‘मनोविकल’ मागे घेतो.

बोरू: त्या माउलीला ‘उमजक्षमता’ तरी कळली असती?

काटेसावर: “पोराला उमजतंय का?” हे कळलं असतं. नाम कशाला हवं? क्रियापद वापरा.

रानजाई: आमच्या वऱ्हाडात फिट नाही, मिरगी म्हणतात.

बोरू: मिरगी हिंदी. मराठीत फेफरं.

रानजाई: हिंदी कशी? माझ्या आजीला हिंदीचं एक वाक्य येत नव्हतं, आणि मिरगी तिच्याच तोंडून ऐकलीय.

शमी: शीर्षकात क्रियापद कसं बसवू, तेवढं सांगा कुणीतरी.

बोरू: आजीच्या शेजारी कोण राहत होतं, तेही पाहावं लागेल.