खुडूक बसली, पिल्लं निघाली, पुढे? तुमचे अनुभव लिहा

आमची तांबडी कोंबडी परवापासून खुडूक झाली आहे, म्हणजे अंडी उबवायला बसली आहे. खुराड्यातून उठत नाही, हात जवळ नेला की पिसं फुगवून टोचायला येते. काल रात्री पडवीच्या कोपऱ्यात टोपलीत पेंढा घालून तिला ११ अंड्यांवर बसवली. सासूबाईंनी पेंढ्यात लोखंडी खिळा आणि कोळशाचा तुकडा ठेवला, वीज गडगडली तर अंडी नासू नयेत म्हणून. राहू दिलाय.

पिल्लं कशी काढायची हे मला विचारायचं नाही. ते कोंबडीला कळतं. मला पुढचं हवंय. गेल्या पावसाळ्यात तीन कोंबड्यांखाली मिळून २३ पिल्लं निघाली आणि दिवाळीला अंगणात ४ उरली. काही घारीने नेली, काही नुसती पंख पाडून उभी राहायची आणि दुसऱ्या दिवशी नसायची. सकाळी डालगं उचलायची भीती वाटायला लागली होती. माहिती वाचायला गेलं तर ती बहुतेक घाटावरच्या कोरड्या हवेची. आपल्याकडे चार महिने भिंतीसुद्धा ओल्या असतात. म्हणून किनारपट्टीवरच्या लोकांना विचारते: किती अंडी घातलीत, किती निघाली, किती जगली? आकडे लिहा, आणि गेलेल्यांचंही लिहा.
(वेंगुर्ले)

आचरा

आमच्याकडची गोष्ट गावपळणीतली आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: रामेश्वराचा कौल झाला की सगळा गाव तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर जाऊन राहतो. माणसं, गुरं, कुत्री, कोंबड्या, मागे कोणी ठेवायचं नाही. त्या वेळी आमची कोंबडी १४ दिवसांची बसलेली होती. अंडी टाकून द्यायची म्हणून मी रडकुंडीला आले होते. आजीने शांतपणे सांगितलं, काळोख पडल्यावर हलव. रात्री कोंबडीला नीट दिसत नाही, जागेवरून उठत नाही. टोपली कोंबडीसकट उचलली, वर सुती लुगडं घातलं आणि मांडीवर घेऊन रिक्षात बसले. झोपडीत चुलीपासून लांब, अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवली. पहिला दिवस तिने दाण्याला तोंड लावलं नाही. दुसऱ्या दिवशी उठली, खाल्लं, हगली, धुळीत लोळली आणि पुन्हा जाऊन बसली. परतताना तसंच, रात्री.

२१व्या दिवशी ८ पिल्लं निघाली. एक अर्धं कवच फोडून दमलं होतं. मी नखाने टरफल काढायला गेले तर आजी ओरडली, "हात लाव नको, तां आपणच भायर येतला!" दुपारी आलं. कवचाच्या आतल्या पापुद्र्यात तेव्हा अजून रक्त खेळत असतं आणि बलक पोटात ओढला जायचा असतो, हे मला नंतर पशुवैद्यकांनी सांगितलं. तो बलक पोटात असतो म्हणून पिल्लू पहिले दोन दिवस दाण्याशिवाय राहू शकतं. ८ पैकी ६ वाढली. थंडीचे दिवस होते, मला वाटतं त्याचाच फायदा झाला.

श्रीवर्धन

मी ५० अंड्यांचं छोटं मशीन घेतलं होतं. ३२ गावठी अंडी घातली आणि १२व्या दिवशी, ३ जून २०२० ला, निसर्ग वादळ आलं. वाडीतल्या पोफळी आडव्या झाल्या, घरावरची कौलं उडाली आणि वीज कित्येक दिवस आली नाही. घराचं काय झालं ते पाहायचं सोडून मी मशीनवर गोधड्या घालत होतो. शेजारच्या काकींची एक कोंबडी खुडूक होती. तिच्याखाली मावतील तेवढी १२ अंडी घातली. त्यातून ७ पिल्लं निघाली. बाकीची २० अंडी मी चौथ्या दिवशी माडाच्या बुंध्याशी पुरली. सातव्या दिवशी बॅटरी लावून बघितलं होतं तेव्हा त्यांच्यात लाल शिरांचं जाळं स्पष्ट दिसलं होतं, त्यामुळे ते काम फार जड गेलं.

मशीन अजून आहे, पण आता सोबत इन्व्हर्टर आहे. एक गोष्ट कोकणातल्या प्रत्येक मशीनवाल्याला सांगायची आहे. तापमान साडेसदतीस अंश, अंडी दिवसातून निदान तीन वेळा फिरवायची, १८व्या दिवसानंतर फिरवायची नाहीत, हे सगळीकडे सारखंच. पाण्याचं मात्र तसं नाही. पत्रकात लिहिल्याप्रमाणे मी पहिल्या दिवसापासून पाण्याच्या दोन्ही खाचा भरायचो आणि पिल्लं पूर्ण वाढून कवचातच मरायची. अंड्यातलं थोडं पाणी उडालं तरच वरच्या टोकाला हवेची जागा मोठी होते, आणि पिल्लू पहिला श्वास त्या जागेत घेतं. आपली हवा आधीच ओली. आता पंधरा रुपयांच्या वहीत रोजची आर्द्रता लिहितो, ती ५० टक्क्यांच्या आसपास असेल तर पाणी घालतच नाही. शेवटचे तीन दिवस मात्र ६५ ते ७० लागते. गेल्या खेपेला ४० पैकी ३१ निघाली.

राजापूर

घारीवर आमचा उपाय: बंदरावरून जुनं, फाटकं मासेमारीचं जाळं आणलं आणि अंगणातल्या कुंपण घातलेल्या जागेवर ताणून बांधलं. मुंगसाला जाळ्याचा उपयोग नाही, तो खालून येतो. खुराड्याच्या भोवती हातभर खोल चर खणून त्यात चिरे बसवले तेव्हा थांबला. खुराड्याच्या जाळीची भोकं अर्ध्या इंचाहून मोठी ठेवू नका. आमच्याकडे त्यातून साप शिरला आणि एका रात्रीत ५ पिल्लं संपली. कोंबडी कोपऱ्यात उभी राहून ओरडत होती, आम्हाला पावसाच्या आवाजात ऐकू आलं नाही.

गुहागर

कोणी मानमोडीबद्दल (राणीखेत रोगाबद्दल) लिहिलं नाही म्हणून लिहिते. चैत्रात आमच्या वाडीत मर लागली. आधी एक कोंबडी डोळे मिटून बसली, हिरवं पातळ हगली. दोन दिवसांनी माना वाकड्या व्हायला लागल्या. आठ दिवसांत ४० कोंबड्या गेल्या. आठ वर्षं सांभाळलेली एक म्हातारी होती, माझ्या मुलीच्या मागे शाळेच्या वाटेपर्यंत जायची, तीही गेली. खड्डा खणून, चुना टाकून पुरल्या. लागण झाल्यावर औषध नाही. लस आधी द्यावी लागते, एवढंच आपल्या हातात आहे.

अडचण अशी की लासोटाची, म्हणजे पिल्लांना द्यायच्या मानमोडीच्या लसीची, बाटली निदान १०० मात्रांची येते, आणि आपल्याकडे पिल्लं दहा. एकदा कालवली की दोनेक तासांत संपवावी लागते. म्हणून बहुतेक घरांत कोणी आणतच नाही. आता आम्ही सहा घरं मिळून आणतो. पिल्लं मागेपुढे निघू नयेत म्हणून कोंबड्या एकाच आठवड्यात बसवतो. एखादी आधी खुडूक झाली तर तिला दोन-चार दिवस खोट्या अंड्यावर थांबवतो. बाटली बर्फ घातलेल्या थर्मासमधून येते. पिल्लं सात दिवसांची झाली की संध्याकाळी गारव्याला प्रत्येकाच्या डोळ्यात एक थेंब. चौथ्या आठवड्यात पुन्हा. दोन महिन्यांची झाली की आर टू बी ही मानमोडीचीच दुसरी लस, ती टोचायची असते, त्याला दवाखान्यातले येतात. तीन वर्षं झाली, मर लागलेली नाही. खाजणापलीकडच्या वाडीत गेल्या वर्षी लागली होती.

वेंगुर्लेकर ताई, तुमच्या तांबडीची तारीख शेजारपाजारच्यांना आजच सांगा.

मालवण

पातळ कवचाची अंडी पडत असतील तर तिसऱ्यांची शिंपलं फेकू नका. चुलीत भाजून, कुटून वाटीत ठेवा. कोंबड्या हव्या तेवढ्या खातात. पिल्लांना मात्र नको, अंड्यावर आलेल्या तलंगांना (तरुण कोंबड्यांना).

कुडाळ

पंख पाडून उभी राहणारी पिल्लं, त्यांच्या हगवणीत रक्त दिसलं होतं का? दिसलं असेल तर रक्ती हगवण. आमची पिल्लं तीन ते पाच आठवड्यांची असताना यातच जायची आणि आम्ही दृष्ट काढत बसायचो. खाली ओल राहिली की ती होतेच. आता जमिनीवर चार बोटं भाताचं तूस घालतो, रोज काठीने हलवतो, मुठीत दाबून गोळा झाला की तेवढं काढून टाकतो. पाण्याचं भांडं विटेवर, म्हणजे पाय घालून सांडत नाहीत. पागोळीचं पाणी उडतं त्या बाजूला माडाच्या विणलेल्या झावळीचा झाप. आणि तरीही सांगते, जून-जुलैत पिल्लं काढू नका. कोंबडी त्या वेळी खुडूक झाली तर तिला दिवसातून दोनदा उठवून अंगणात सोडा, आठवड्याभरात ती विसरते. मन खातं, पण पावसात एकेक पिल्लू जाताना बघण्यापेक्षा हे बरं. आम्ही दसऱ्यानंतरच बसवतो. गेल्या वर्षी १३ पैकी १० निघाली, ८ मोठी झाली.

पहिल्या पंधरवड्यात वाळवी द्या. मडक्यात ओलं शेण आणि नारळाचं सोडण भरून वारुळाजवळ उपडं ठेवायचं, सकाळी भरलेलं असतं. पिल्लं तुटून पडतात.

रत्नागिरी

शहरात राहून पाळणाऱ्यांनी एक गणित आधी करावं. निघालेल्या पिल्लांत अर्धे कोंबडे असतात. माझ्या ९ पैकी ५ होते. चार महिन्यांनी पहाटे साडेतीनला पाचही आरवायला लागले आणि शेजारच्या आजोबांची झोप उडाली. त्यांचं म्हणणं रास्त होतं. एक ठेवला, एक मामाने राखणीला मागून नेला. उरलेले तीन गटारीला कापले. मी त्यांना कण्या हातावर घालून वाढवलं होतं, त्या दिवशी मी वडे खाल्ले, सागोती नाही खाल्ली. आता पिल्लं बसवायच्या आधीच गावच्या भावाशी बोलून ठेवते की कोंबडे तू न्यायचेस.

गिरिराज किंवा वनराज या सुधारित जातीच्या कोंबड्या आणल्यात तर अंडी जास्त मिळतील, पण त्या सहसा खुडूक होत नाहीत. बसवायला घरात एक तरी गावठी लागतेच.

वेंगुर्ले

धागा मीच काढला होता, म्हणून सांगते. काल २१वा दिवस. पहाटे टोपलीतून चिवचिव ऐकू आली. संध्याकाळपर्यंत ९ निघाली. उरलेली दोन अंडी कोमट पाण्यात सोडून बघितली, हलली नाहीत. रक्ताबद्दल विचारलं होतंत, हो, गेल्या वर्षी होतं, आणि मी ते पावसाचं पाणी प्यायल्यामुळे समजत होते. तूस गिरणीतून आणलंय, दोन पोती. लसीसाठी वाडीत फिरले, चार घरं तयार झाली, मिळून ५७ पिल्लं. पुढच्या गुरुवारी संध्याकाळी सगळे आमच्या खळ्यात येतायत. थर्मास समोरच्या घरचा.