विषाणूजन्य श्वसनसंसर्ग: दाखल झालेल्यांपैकी कोण खालावणार, हे पहिल्या दिवशी कशावरून ओळखायचं?

वॉर्ड_रजिस्ट्रार
फ्लू, कोविड आणि आरएसव्ही (श्वसनमार्गाचा आणखी एक विषाणू) यांचे प्रौढ रुग्ण जनरल वॉर्डात असतात. पुढच्या ४८ तासांत कोणाला हाय-फ्लो (नाकातून मोठ्या प्रवाहाने दिला जाणारा ऑक्सिजन) किंवा व्हेंटिलेटर लागेल, याचा अंदाज दाखल करतानाच हवाय. सध्या कर्ब-६५ (शुद्ध, युरिया, श्वसनगती, बीपी आणि वय यांवरून गुण देणारा न्यूमोनियाचा स्कोअर) वापरतो, पण तरुण रुग्णांत तो फसतो. उदाहरणार्थ: वय ३८, पुरुष, दुसरा आजार नाही, शुद्धीवर, रूम एअरवर (बाहेरून ऑक्सिजन न देता) सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनची पातळी) ८९ टक्के, श्वसनगती २८, नाडी ११२, बीपी ११८/७४, ताप ३८.६, युरिया ३० मिग्रॅ/डेसीलिटर, सीआरपी (दाह दाखवणारी रक्ततपासणी) १४० मिग्रॅ/लिटर. याला कर्ब-६५ चे गुण किती, तर शून्य! मग कोणता स्कोअर धरावा? की आपल्याच नोंदींवरून नवीन मॉडेल (धोका सांगणारं गणिती सूत्र) बांधावं?

श्वासनलिका
शून्य येणारच, कारण कर्ब-६५ मध्ये ऑक्सिजनचा रकानाच नाही. तो न्यूमोनियातल्या ३० दिवसांच्या मृत्यूसाठी बनला आहे आणि त्यात वय ६५ किंवा जास्त असलं की एक गुण आयता मिळतो. विषाणूजन्य न्यूमोनियात तरुण माणूस बीपी आणि शुद्ध शाबूत ठेवून नुसत्या ऑक्सिजनवर ढासळतो. तेच नेमकं इथे मोजलं जात नाही.

हाच रुग्ण न्यूज-२ वर (नाडी, श्वसनगती, बीपी अशा नोंदींवरून खालावण्याचा इशारा देणारा स्कोअर) घाला. श्वसनगती २५ किंवा जास्त म्हणून ३, सॅच्युरेशन ९१ किंवा कमी म्हणून ३, नाडी १११ ते १३० मध्ये म्हणून २, ताप ३८.१ ते ३९ मध्ये म्हणून १. एकूण ९. सात आणि वर म्हणजे तातडीने वरिष्ठांना बोलवायचं. एकाच बाबीत ३ गुण आले, तर एकूण कमी असलं तरी रुग्ण सोडायचा नसतो.

पण न्यूज-२ मध्येही एक भोक आहे. बाहेरून ऑक्सिजन चालू असेल तर सरसकट २ गुण, मग तो २ लिटर असो की १५. सॅच्युरेशन ९४ वर टिकवण्यासाठी सकाळी २ लिटर आणि संध्याकाळी १० लिटर लागत असेल, तरी गुण तेवढेच राहतात. म्हणून गुणांच्या शेजारी किती लिटर आणि कोणत्या साधनातून, हे दर वेळी लिहा. विषाणूच्या आजारात ही वाढती गरज कुठल्याही एका आकड्यापेक्षा जास्त बोलते. सीओपीडीत (फुफ्फुसांचा जुनाट आजार) कार्बन डायऑक्साइड साठणाऱ्यांसाठी ८८ ते ९२ चं लक्ष्य धरणारी दुसरी मोजपट्टी आहे, ती वरिष्ठांनी ठरवल्यावरच वापरायची.

कोविडपुरता फोर-सी मृत्यू स्कोअर चांगला: वय, लिंग, सहव्याधी, श्वसनगती, रूम एअरवरचं सॅच्युरेशन, शुद्ध, युरिया, सीआरपी, एकूण २१ गुण. तुमच्या उदाहरणात ६ येतात, म्हणजे मध्यम गट. मात्र तो मृत्यूचा अंदाज देतो, ४८ तासांत खालावण्याचा नाही. शिवाय वयालाच ७ गुणांपर्यंत वजन असल्याने तरुणांत तो खालीच राहतो. फ्लू-आरएसव्हीवर तो जसाच्या तसा चिकटवू नका.

एककांमध्ये सगळे घसरतात. कर्ब-६५ मधली मर्यादा ७ मिलिमोल/लिटर, म्हणजे युरिया साधारण ४२ मिग्रॅ/डेसीलिटर, किंवा बीयूएन (युरियातल्या फक्त नायट्रोजनचं मोजमाप) साधारण २०. बीयूएनची मर्यादा युरियाच्या रिपोर्टला लावली की निरोगी माणसालाही गुण मिळतो. सीआरपी मिग्रॅ/डेसीलिटरमध्ये येत असेल तर आधी दहाने गुणा.

सिस्टर_इन्चार्ज
स्कोअर कुठलाही घ्या डॉक्टर, आत जाणारे आकडे खरे हवेत. श्वसनगती हा सगळ्यांत महत्त्वाचा आणि सगळ्यांत जास्त अंदाजपंचे लिहिला जाणारा आकडा. अख्ख्या चार्टवर १८, २०, १८, २० दिसलं की समजावं, कोणी मोजलेलं नाही. पूर्ण ६० सेकंद मोजायचं, रुग्णाला न सांगता, नाडीवर हात ठेवून. १५ सेकंद मोजून चारने गुणलं तर एका श्वासाच्या चुकीने ४ चा फरक पडतो, आणि न्यूज-२ मध्ये २० ला शून्य गुण आहेत, २१ ला दोन.

ऑक्सिमीटर: नेलपॉलिश काढा, बोटं गार असतील तर हात गरम करा, लहर स्थिर झाल्यावरच आकडा लिहा. सावळ्या-काळ्या त्वचेवर यंत्र खऱ्यापेक्षा जास्त दाखवू शकतं, त्यामुळे ९२-९३ वर निर्धास्त राहू नये, शंका आली तर धमनीतल्या रक्ताची गॅस तपासणी. रूम एअरवरचा आकडा ऑक्सिजन लावण्याआधी, दारातच लिहून ठेवायचा. एकदा मास्क लागला की तो परत मिळत नाही, आणि केवळ स्कोअर भरण्यासाठी दमलेल्या माणसाचा ऑक्सिजन काढू नये.

बसल्या जागी ९५-९६ आहे पण घरी सोडायला मन धजत नाही, अशांना ४० पावलं चालवून पाहा. ३ टक्के किंवा जास्त उतरलं तर घरी पाठवायचं नाही.

वॉर्ड_रजिस्ट्रार
आभार, दोघांचेही. हाय-फ्लो लावल्यानंतर रॉक्स निर्देशांक पाहतोच, पण तो कधी कधी उगाच घाबरवतो. आणि रक्ततपासण्यांचं काय? मॉडेलचा प्रश्नही राहिलाच.

श्वासनलिका
रॉक्स म्हणजे सॅच्युरेशन भागिले एफआयओटू (श्वासातल्या हवेत ऑक्सिजनचा वाटा), त्याला पुन्हा श्वसनगतीने भागायचं. ४.८८ किंवा वर असेल तर इंट्युबेशनची (श्वासनलिकेत नळी घालून व्हेंटिलेटर लावण्याची) शक्यता कमी. २ तासांना २.८५, ६ तासांना ३.४७, १२ तासांना ३.८५, याच्या खाली गेला तर धोका. आता गंमत बघा: श्वसनगती ३०, एफआयओटू ०.८, सॅच्युरेशन ९९, रॉक्स ४.१. तोच रुग्ण, ऑक्सिजन ०.६ वर आणला, सॅच्युरेशन ९५, रॉक्स ५.३. रुग्ण सुधारला नाही, जास्तीचा ऑक्सिजन फक्त कमी झाला. म्हणून आधी सॅच्युरेशन ९२ ते ९६ मध्ये आणा, मगच गणित करा. आणि मानेचे स्नायू ओढून श्वास घेणाऱ्याला चांगल्या रॉक्सच्या भरवशावर ठेवू नका.

रक्तात लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) घटणं, सीआरपी, एलडीएच, डी-डायमर या तपासण्यांचे आकडे वाढणं, हे सगळं खालावण्याशी जोडलेलं आहे, पण सॅच्युरेशन, श्वसनगती आणि वय हाती असताना त्यातून पडणारी भर माफक असते. आजाराचा कितवा दिवस आहे, हे विचारायला पैसे लागत नाहीत आणि तरी ते केसपेपरवर सापडत नाही. कोविडमध्ये लक्षणांच्या पाचव्या ते दहाव्या दिवसात खालावण्याची भीती. दुसऱ्या दिवशीचा कमी स्कोअर तिथे काही सिद्ध करत नाही. फ्लू त्याहून लवकर रंग दाखवतो. फ्लूत बरं वाटून पुन्हा ताप चढला तर जिवाणूंचा दुसरा संसर्ग शोधा. फ्लूवरचं ओसेल्टामिव्हिर हे औषध मात्र कुठल्याही स्कोअरची वाट पाहत लांबवू नये.

आकडेमोड
मॉडेलबद्दल: बांधू नका, निदान आत्ता तरी. समजा ६०० रुग्ण आहेत आणि त्यांतले ६० खालावले. त्यात २५ तपासण्या एकदम घातल्या तर मॉडेल तुमच्या वॉर्डातल्या योगायोगांनाच नियम समजून बसेल. कोविडकाळात अशी शेकडो मॉडेल्स छापून आली, आणि तपासणी केल्यावर बहुतेकांत पक्षपाताचा मोठा धोका आढळला. एका तुलनेत २२ मॉडेल्स एकाच ठिकाणच्या रुग्णांवर लावली, तर एकट्या रूम एअरवरच्या सॅच्युरेशनपेक्षा किंवा एकट्या वयापेक्षा ती सातत्याने सरस ठरली नाहीत.

तरी करायचंच असेल, तर पहिला खड्डा निष्पत्तीचा, म्हणजे मॉडेलने नेमका कशाचा अंदाज द्यायचा याचा. "आयसीयूत गेला" ही निष्पत्ती धरली की ज्या अतिवृद्धांना आयसीयूत न्यायचंच नाही असं ठरलेलं असतं, ते मॉडेलला ठणठणीत दिसतात आणि वय संरक्षक ठरतं. त्यापेक्षा "हाय-फ्लो, व्हेंटिलेटर किंवा मृत्यू" एकत्र धरा. दुसरा खड्डा गाळलेल्या तपासण्यांचा: फेरिटिन (आणखी एक रक्ततपासणी) गंभीर दिसणाऱ्यांचंच मागवलं जातं, त्यामुळे ते नसणं हीसुद्धा माहितीच असते. ज्यांचं फेरिटिन नाही त्यांना वगळलंत की सौम्य रुग्णच गायब. अजून दाखल असलेल्यांनाही वगळायचं नाही. आणि वय, सीआरपी यांचे दोन तुकडे करू नका, सलग आकडा ठेवा.

एयूसी (खालावणारे आणि न खालावणारे वेगळे ओळखण्याची क्षमता, १ म्हणजे अचूक) ०.८ आला म्हणून हुरळू नका. १०० पैकी १० जण खालावणारे, संवेदनशीलता (खालावणाऱ्यांपैकी किती पकडले) ८० टक्के, विशिष्टता (न खालावणाऱ्यांपैकी किती योग्य सोडले) ८० टक्के: धोक्याची घंटा २६ जणांवर वाजेल, त्यांतले खरे ८. बाकी १८ जणांच्या घंटेला रात्रपाळी किती वेळा धावेल, हे आधी विचारा. आणि २ जण घंटेविनाच खालावतील.

वॉर्ड_रजिस्ट्रार
मग जुनाच स्कोअर आमच्या रुग्णांवर बेतून घेता येईल का?

आकडेमोड
हो, तेच सोपं. स्कोअरने सांगितलेला धोका आणि प्रत्यक्ष खालावलेले, गटागटाने शेजारी मांडा. सगळीकडे सारखंच जास्त किंवा कमी येत असेल तर फक्त मॉडेलचा स्थिरांक (सगळ्यांना सारखाच लागणारा मूळ आकडा) बदला. स्टिरॉइड आणि लशीनंतर मूळ धोका उतरला, त्यामुळे २०२० च्या आकड्यांत हे हमखास दिसतं. उतार बिघडला असेल, म्हणजे जास्त धोका फार जास्त आणि कमी धोका फार कमी दाखवला जात असेल, तर गुणांक (प्रत्येक बाबीचं वजन) एकाच पटीत कमी करा. इतकंच. पण रूम एअरचा आकडा दारात लिहिला गेलेला नसेल, तर यातलं काहीच करता येणार नाही. सिस्टर म्हणतात तिथून सुरुवात करा.